बी-५२ ला नवीन इंजिनं: साठ वर्षांच्या सांगाड्यावर एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का?

आभाळवेडा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढला, जाणकारांनी सविस्तर लिहा, प्रतिसाद लांब झाला तरी चालेल.

मागच्या वर्षी अमेरिकेत एका एअर शोला बी-५२, म्हणजे अमेरिकेचं ते जुनं आठ इंजिनांचं बॉम्बर, अगदी जवळून बघायला मिळालं. दोरी बांधली होती पण नाकापासून वीसेक फुटांवर उभं राहता येत होतं. फोटोत कधी लक्षात न आलेली गोष्ट तिथे दिसली, ती म्हणजे अंगावरचा पत्रा चक्क सुरकुतलेला आहे. कॉकपिटच्या मागे, पुढच्या चाकांच्या वरच्या भागात तिरप्या घड्या पडल्यात, हात फिरवला तर बोटांना लागतील अशा. मला वाटलं अपघातात चेपलंय की काय. तिथे उभ्या असलेल्या क्रूमधल्या मुलीला विचारलं तर म्हणाली की जमिनीवर असताना सगळेच बी-५२ असे दिसतात, हवेत गेलं की पत्रा ताणला जातो आणि घड्या जातात. पंख इंधनाच्या वजनाने खाली आलेले, टोकाशी ती छोटी आधाराची चाकं, आणि दोन-दोन इंजिनांची चार जोडगोळी लटकलेली.

घरी येऊन वाचत बसलो. शेवटचं बी-५२एच १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये हवाई दलाला मिळालं, त्यानंतर एकही नवीन बनलं नाही. एकूण ७४४ बनली होती, त्यातली ७६ आज ताफ्यात आहेत. आणि याच ७६ विमानांना आता नवी इंजिनं, नवं रडार, नवे स्क्रीन, नवी रेडिओ यंत्रणा लावून बी-५२जे नाव द्यायचं आणि २०५० च्या पुढेपर्यंत उडवायचं असं ठरलंय. म्हणजे सांगाडा जवळपास नव्वद वर्षांचा होईल.

माझे तीन प्रश्न आहेत. एक, सरळ नवीन विमान का बनवत नाहीत, बी-२१ हे नवं बॉम्बर येतंयच ना. दोन, आठ इंजिनं काढून परत आठच का लावतायत, आजकाल चार मोठी इंजिनं सहज पुरली असती. आणि तीन, धातू एवढी वर्षं टिकतो का? त्या घड्या बघितल्यापासून हा तिसरा प्रश्न मला जास्त छळतोय.

टर्बाइनताई

आभाळवेडा, प्रश्न छान काढलेत. मी प्रवासी विमानांच्या इंजिन ओव्हरहॉल शॉपमध्ये काम करते त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, बाकीचे इतरांनी घ्या.

चार मोठ्या इंजिनांचा विचार झालेला आहे, तोही एकदा नाही. १९९६ मध्ये बोइंगने स्वतः प्रस्ताव दिला होता की आत्ताची आठ टीएफ-३३ इंजिनं काढून रोल्स-रॉइसची चार आरबी-२११ लावू, बोइंग ७५७ प्रवासी विमानाला असतात ती. हवाई दलाने तेव्हा नकार दिला. मोठं कारण म्हणजे इंधनाचा हिशोब, त्यांनी जमिनीवर टाकीत भरताना जो भाव पडतो तोच धरला. पण बी-५२ जे इंधन पितं त्यातलं बरंचसं हवेत टँकरमधून येतं, आणि टँकर उडवायचा, त्याचा क्रू, त्याची देखभाल हे सगळं धरलं की तोच गॅलन कितीतरी पट महाग पडतो. पुढे डिफेन्स सायन्स बोर्डाने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या सल्लागार समितीने, नेमकं यावरच बोट ठेवलं आणि इंजिनं बदलाच अशी शिफारस केली. तरी प्रत्यक्ष ऑर्डर निघायला २०२१ उजाडलं. ही मधली पंचवीस वर्षं गेली याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तेव्हाच बदललं असतं तर केवढं इंधन वाचलं असतं.

आता तांत्रिक भाग. बी-५२ चं जी मॉडेल करताना वजन कमी करायचं म्हणून शेपटीचा उभा भाग जवळपास आठ फुटांनी कापला, आणि पंखांवरचे एलेरॉनच (विमान कलवणाऱ्या मागच्या कडेच्या झडपा) काढून टाकले, हे विमान फक्त स्पॉयलरवर, म्हणजे पंखावर उभ्या राहणाऱ्या पट्ट्यांवर कलतं. एच मॉडेलनेही तेच उचललं. मागचा रडर, म्हणजे विमान डावी-उजवीकडे वळवणारी झडप, ही अरुंद पट्टी आहे. आता टेकऑफच्या वेळी सगळ्यात बाहेरचं एक इंजिन बंद पडलं असं धरा. आठ असताना एक अष्टमांश जोर गेला, चार असताना एक चतुर्थांश गेला आणि तोही पंखाच्या टोकाकडचा, म्हणजे विमान त्या बाजूला जोरात वळायला बघणार आणि ती अरुंद पट्टी त्याला सरळ ठेवू शकणार नाही. मग रडर मोठा करा, म्हणजे शेपटी बदला, म्हणजे मागच्या धडाची मजबुती परत तपासा, पंखावर एकाच जागी दुप्पट वजन आलं म्हणून पंखाचाही हिशोब नव्याने मांडा. शिवाय मोठ्या इंजिनाचा घेर मोठा, आणि तुम्ही बघितलंत तसे भरलेले पंख खाली आलेले असतात, तेव्हा बाहेरचं इंजिन जमिनीला घासायची भीती. एक बदल करायला गेलं की त्याच्यामागून दहा बदल येतात, त्यापेक्षा जुन्याच मापाची आणि जुन्याच जोराची आठ इंजिनं लावलेली बरी.

म्हणून निवडलं ते रोल्स-रॉइसचं एफ-१३०. हे मुळात बिझनेस जेटचं इंजिन आहे, गल्फस्ट्रीम जी-६५० ला याच घराण्यातलं बीआर-७२५ असतं. जुन्या टीएफ-३३ चा जोर प्रत्येकी सुमारे १७,००० पाउंड, नव्याचाही त्याच्याच आसपास. जोर तेवढाच, तहान कमी. टीएफ-३३ मध्ये गाभ्याला वळसा घालून जाणारी हवा ही गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या दीडपटसुद्धा नाही, नव्यात ती चारपटीच्या आसपास आहे. तेवढ्याच जोरासाठी जास्त हवा हळू ढकलायची, हे एवढं साधं तत्त्व आहे. इंधनात ३० टक्के बचतीचं लक्ष्य ठेवलंय. ७६ विमानं गुणिले आठ म्हणजे ६०८ इंजिनं, वर काही स्पेअर, सगळे पर्याय धरून करार २.६ अब्ज डॉलरपर्यंतचा, आणि इंजिनं बनणार इंडियानापोलिसला.

आणि माझ्या दृष्टीने इंधनापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ओव्हरहॉल. टीएफ-३३ चं उत्पादन १९८५ च्या सुमारास बंद झालं. ज्या इंजिनाचे पार्ट कोणी बनवत नाही ते उघडून बसणं काय असतं हे मी रोज बघते, एक साधी सील रिंग मिळत नाही म्हणून अख्खं इंजिन स्टँडवर कापड झाकून महिना महिना पडून राहतं. नवं इंजिन विमान निवृत्त होईपर्यंत ओव्हरहॉलसाठी पंखावरून उतरवायला लागू नये असा इरादा आहे. तो पाऊण जरी खरा ठरला तरी ज्या माणसांच्या रात्री यात जातात त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

जुना_मेकॅनिक

ताईंनी इंजिनाचं व्यवस्थित सांगितलं. मी ३१ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली, लष्करी नाही, जुन्या मालवाहू विमानांवर, तेव्हा तिसऱ्या प्रश्नावर बोलतो.

आभाळवेडा, विमानाचं वय वर्षांत मोजू नका, तासांत मोजा आणि ते तास कसे उडवले ते बघा. बी-५२एच ची निम्मी जिंदगी जमिनीवर गेली. शीतयुद्धात ही विमानं अण्वस्त्रं लादून, टाक्या भरून धावपट्टीच्या तोंडाशी उभी असायची, क्रू शेजारच्याच इमारतीत झोपायचा आणि भोंगा वाजला की पळत सुटायचा. ही पद्धत सप्टेंबर १९९१ मध्ये थांबली. उभं असलेलं विमान तास खात नाही. बी-५२एच च्या पंखाचा वरचा पृष्ठभाग हा त्यातला सगळ्यात आधी दमणारा भाग मानतात आणि त्याची मर्यादा ३२,५०० ते ३७,५०० तास धरलेली आहे. वीस-पंचवीस वर्षं रोज उडणारं लांब पल्ल्याचं प्रवासी विमान याच्या दुप्पट तास सहज ओलांडतं. म्हणून सांगाडा साठ वर्षांचा असला तरी थकलेला नाही.

उलट बी-१बी हे दुसरं अमेरिकी बॉम्बर बघा. ती १९८० च्या दशकातली, म्हणजे बी-५२ पुढे तरुण. पण मागेपुढे होणारे पंख, जमिनीलगत वेगात उडायचं, नंतर वर्षानुवर्षं मोहिमांवर मोहिमा. सांगाड्यावर एवढा ताण आला की २०२१ मध्ये १७ विमानं एकदम काढून टाकली, उरली ४५. म्हणजे धाकटं आधी निवृत्त होणार आणि थोरलं उडत राहणार.

त्या घड्यांचं म्हणाल तर घाबरू नका. पातळ पत्रा, लांबलचक धड, पुढे-मागे दोन-दोन चाकांच्या जोड्या आणि मध्ये बॉम्बचा कप्पा, जमिनीवर धड थोडं वाकतं आणि पत्रा दबतो. वजन आतल्या चौकटीवर असतं.

सांगाडा मजबूत आहे याचा एक जुना पुरावा सांगतो. जानेवारी १९६४ मध्ये एका बी-५२एच वर डोंगराळ भागातल्या वादळी हवेचा ताण मोजायची चाचणी चालू होती, चक फिशर नावाचे बोइंगचे टेस्ट पायलट चालवत होते. हवेच्या एका तडाख्यात शेपटीचा उभा भाग जवळजवळ सगळा तुटून पडला. विमान पडायलाच हवं होतं. त्यांनी ते तसंच सहा तास हवेत सांभाळलं आणि आर्कान्सासमधल्या ब्लाइदव्हिल तळावर उतरवलं. तेच विमान दुरुस्त होऊन २००८ पर्यंत सेवेत होतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, तासांवर सगळं भागत नाही. काही गोष्टी नुसत्या पडून राहिल्या तरी म्हाताऱ्या होतात. वायरिंग, रबर, सील, कनेक्टर, गंज. माझ्याच अनुभवातलं सांगतो. एका जुन्या मालवाहू विमानात एक बिघाड यायचा, फक्त थंडीत, फक्त वर गेल्यावर. जमिनीवर आणलं की सगळं ठीक. तीन रात्री काढल्या. शेवटी फरशीखालचं एक पॅनल उघडलं, आत मनगटाएवढा जाड वायरचा जुडगा, मेणाच्या दोऱ्याने बांधलेला. एक वायर बाजूला करायला बोट घातलं तर तिचं वेष्टन वाळक्या पापुद्र्यासारखं गळून हातात आलं आणि शेजारच्या दोघींचंही. बिघाड होता त्यांच्या टोकाच्या कनेक्टरमधल्या एकाच पिनवर, हिरवा गंज चढलेला, टाचणीच्या डोक्याएवढा. थंडीत धातू आकसला की तेवढ्याने संपर्क सुटायचा. त्या एका पिनसाठी आम्ही पुढे अख्खा जुडगा बदलला कारण हात लावलेली जुनी वायर परत तशीच बांधून ठेवायची माझी हिंमत नव्हती.

म्हणून बी-५२ चं हे काम मी जेव्हा वाचतो तेव्हा मला इंजिनापेक्षा पायलॉनमधून (इंजिन पंखाला टांगणारा खांब) पंखात शिरणाऱ्या वायरी दिसतात. नवीन इंजिन कॉम्प्युटरवर चालतं. जुनं इंजिन केबल आणि पुलींवर. ते जोडायचं म्हणजे पंखाच्या आतून नवा मार्ग काढायचा आणि वाटेत जे जे १९६१ चं भेटेल त्याचं काय करायचं ते प्रत्येक वेळी ठरवायचं.

आणि ताई म्हणतात ते पार्टचं अगदी खरं. बी-५२ दर चार वर्षांनी ओक्लाहोमा सिटीच्या टिंकर तळावर पूर्ण उघडतात. ताफ्यातली एकेक विमानं गेली तेव्हा अॅरिझोनाच्या वाळवंटातून, डेव्हिस-मंथनच्या बोनयार्डमधून, म्हणजे निवृत्त विमानं ठेवतात तिथून, जुनी उठवून आणली, २०१५ मध्ये ‘घोस्ट रायडर’ आणि २०१९ मध्ये ‘वाइज गाय’. दोन्ही २००८ पासून तिथे उभी होती. कोरड्या हवेने ती वाचवली.

सरळरेघ

सगळ्यांचं वाचलं, माहिती उत्तम आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे कारण अशा धाग्यांवर जुन्या विमानाच्या प्रेमात आपण खर्चाकडे बघत नाही असं मला मनापासून वाटतं.

एक तर उशीर. बी-५२जे २०३० च्या आसपास कामाला तयार होणार होतं, आता २०३३ म्हणतायत. रडारची गोष्ट तर अजून वाईट. सध्याचं एपीक्यू-१६६ हे यांत्रिक फिरणाऱ्या अँटेनाचं, जुन्या घडणीचं रडार आहे, त्याच्या जागी एफ/ए-१८ लढाऊ विमानातल्या एपीजी-७९ वरून बनवलेलं नवं रडार बसवायचं. तयार, उत्पादनात असलेलं रडार घेतलंय, म्हणजे जोखीम कमी, असं सुरुवातीला सगळ्यांनी सांगितलं. आणि २०२५ मध्ये हवाई दलाला काँग्रेसला कळवावं लागलं की खर्च ठरलेल्या अंदाजापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वाढलाय. नन-मॅककर्डी कायदा आहे तिथे, खर्च ती रेषा ओलांडून गेला की सांगावंच लागतं, लपवता येत नाही. हा कायदा मला फार आवडतो हे जाता जाता सांगतो.

तयार वस्तू जुन्या जागेत बसवणं सोपं असतं हा समजच चुकीचा आहे. ब्रिटनचं निमरॉड एमआरए-४ आठवा. ते बॉम्बर नाही, समुद्रावर टेहळणी करणारं विमान, पण गोष्ट तंतोतंत हीच. जुनी निमरॉड घ्यायची, धड ठेवायचं, पंख नवे, इंजिनं नवी, आतलं सगळं नवं. १९९६ मध्ये २१ विमानांचा करार झाला. नवे पंख कॉम्प्युटरवर अचूक मापाने बनवले आणि जुन्या धडांना लावायला गेले तर कळलं की १९६० च्या दशकात हाताने बनवलेली ती धडं एकमेकांसारखी नव्हतीच, प्रत्येकाचं माप इंचांनी वेगळं. २१ ची संख्या कमी होत होत ९ वर आली आणि २०१० मध्ये सगळा प्रकल्प रद्द झाला, तयार होत आलेली विमानं तोडून भंगारात घातली. लोकांचे अब्जावधी पाउंड आणि कारागिरांची चौदा वर्षं. मला ते तोडलेल्या विमानांचे फोटो बघवले नव्हते.

बी-५२एच सगळी विचिटा कारखान्यात बनली हे मान्य, पण ती पण माणसांच्या हातची आहेत, कागदावरच्या ड्रॉइंगवरून रिव्हेट केलेली, आणि मग साठ वर्षं प्रत्येकाची वेगवेगळी दुरुस्ती झालेली. ७६ विमानं म्हणजे ७६ वेगळी विमानं.

आभाळवेडा

वा, किती शिकायला मिळालं. मेकॅनिक काका, तुमचा तो हिरव्या पिनचा किस्सा मी दोनदा वाचला.

सरळरेघ, निमरॉडचं मला माहीतच नव्हतं, आता काळजी वाढली. पण मग पहिला प्रश्न तसाच राहिला, एवढी जोखीम असताना बी-२१ च जास्त का बनवत नाहीत? आणि रशिया, चीन पण जुनीच बॉम्बर उडवतात ना, त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला?

नकाशावाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर विमानात नाही, क्षेपणास्त्रात आहे. बी-५२ ला आज शत्रूच्या डोक्यावर जायचंच नाहीये. १६ जानेवारी १९९१ च्या पहाटे बार्क्सडेल तळावरून सात बी-५२जी उडाली, ३५ तास सलग उडून इराकच्या सीमेबाहेरूनच ३५ क्रूझ क्षेपणास्त्रं सोडून परत लुइझियानाला उतरली. हल्ला क्षेपणास्त्रांनी केला, विमानाने फक्त ती वाहून नेली. अशा कामाला स्टेल्थ (रडारला सहज न दिसणं) लागत नाही, लागतो तो पल्ला, ७०,००० पाउंड वजन उचलायची ताकद आणि पंखाखाली भरपूर जागा. आत घुसायचं काम बी-२१ चं, ते १० नोव्हेंबर २०२३ ला पहिल्यांदा उडालं, किमान १०० घ्यायची ठरलीयत. ती आली की बी-१ आणि बी-२ जाणार आणि उरणार फक्त दोन, बी-२१ आणि बी-५२. बाहेर उभं राहून लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र सोडायला स्टेल्थ विमान वापरणं म्हणजे पैशाची नासाडीच आहे. जुन्या एजीएम-८६ च्या जागी एजीएम-१८१ हे नवं अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रही बी-५२ वर येणार आहे.

आता बाकीचे. गंमत अशी की तिघांची मूळ विमानं एकाच वर्षीची. बी-५२ चा नमुना १५ एप्रिल १९५२ ला उडाला, सोव्हिएत बॉम्बर टीयू-१६ त्याच एप्रिलच्या अखेरीस, आणि टीयू-९५ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. पण पुढे तिघांनी तीन वाटा धरल्या. अमेरिकेने जुनाच सांगाडा ठेवला आणि आतलं बदलत राहिली. चीनने टीयू-१६ चा आकार घेतला, एच-६ नाव दिलं, आणि तो आकार परत परत नव्याने बनवला. एच-६के २००७ मध्ये उडालं, त्यात नवी टर्बोफॅन इंजिनं, नवं नाक, नवं कॉकपिट, धातू मात्र ताजा. तिथे मेकॅनिक काकांचा वायरींचा प्रश्नच नाही. रशियाने मधली वाट घेतली, त्यांची आजची टीयू-९५एमएस १९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुरुवातीला बनलेली आहेत, त्यांनाच सुधारून एमएसएम करतायत, इंजिन त्याच घराण्यातलं सुधारित आणि नवे पंखे. आणि टीयू-१६० या दुसऱ्या बॉम्बरचं उत्पादन त्यांनी कझानला परत सुरू केलं, नव्याने बनवलेलं पहिलं विमान जानेवारी २०२२ मध्ये उडालं.

पण बंद झालेल्या कारखान्याची किंमत काय असते ते १ जून २०२५ ला दिसलं. युक्रेनने ट्रकमधून ड्रोन सोडून रशियाच्या आतल्या तळांवर उभी असलेली टीयू-९५ आणि टीयू-२२एम३ जाळली. त्यातलं एकही विमान नव्याने बनवता येत नाही, कारण दोन्हींचं उत्पादन कधीच थांबलंय. बी-५२ चंही तेच. ७६ म्हणजे ७६. एक गेलं तर वाळवंटातून उठवायचं, आणि तिथेही उठवण्याजोगी हातावर मोजण्याइतकीच आहेत. नवी इंजिनं लावण्याबरोबर ती विमानं कुठे आणि कशी उभी करायची याचा विचार मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. दोनच तळ आहेत, लुइझियानात बार्क्सडेल आणि नॉर्थ डकोटात मायनॉट.

टर्बाइनताई

सरळरेघ, तुमची काळजी मला पटते पण निमरॉडपासून लोक शिकलेत असं मला वाटतं. इथे पंख नवे नाहीत हा पहिला मोठा फरक. पंख तोच, बदलतो तो पायलॉन आणि त्याखालचं सगळं. दुसरं म्हणजे बोनयार्डमधलं एक निवृत्त बी-५२एच चक्क रस्त्याने ओक्लाहोमा सिटीला नेलं, २०२२ मध्ये, सेवेतल्या विमानाला हात लावायच्या आधी त्याच्यावर नवे भाग बसवून बघायला. कॉम्प्युटरमधलं मॉडेल काहीही म्हणो, खरा पत्रा काय म्हणतो ते आधी बघायचं.

आणि इंजिनं बदलून यशस्वी झालेलं उदाहरणही आहे ना, केसी-१३५ टँकर. बी-५२ च्याच पिढीतला, १९८० च्या दशकापासून चारशेहून जास्त विमानांना सीएफएम-५६ लावली आणि आज तीच बी-५२ ला हवेत इंधन देतात.

तरी अडचणी आल्याच आहेत, त्या मी झाकणार नाही. एका पॉडमध्ये दोन इंजिनं शेजारी शेजारी म्हणजे हवा आत जायची तोंडं पण चिकटून. नव्या इंजिनाचा पंखा मोठा आहे, त्याला सगळ्या घेरावर सारखी हवा लागते. एका बाजूला हवा दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ आली की पंख्याचं प्रत्येक पातं एका फेरीत एकदा जड आणि एकदा हलकं होतं, मिनिटाला हजारो फेऱ्या. त्याने पातं थरथरतं, इंजिन अडखळू शकतं. इथेच, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या आकारावर काम अडलं होतं आणि ते तोंड परत डिझाइन करावं लागलं. जोडीने बसवलेल्या इंजिनांच्या चाचण्या मिसिसिपीत नासाच्या स्टेनिस केंद्रावर २०२३ मध्ये सुरू झाल्या, बाजूने वारा सोडून बघतात की हवा कशी शिरते. हे काम वेळ खातंच. इथे घाई केली असती तर मी जास्त घाबरले असते.

सरळरेघ

ताई, मुद्दा मान्य, पंख तोच ठेवलाय हा फरक मी लक्षात घेतला नव्हता. उशीर झाला म्हणून चिडण्यापेक्षा कशामुळे झाला ते बघायला हवं होतं. खर्चाबद्दल मात्र मी ठाम आहे, दर वर्षी आकडे जाहीर व्हायलाच हवेत. माझं अजून एक विचारायचं होतं, क्रू पाचाचा चार होणार म्हणतात, ते काय आहे?

जुना_मेकॅनिक

हो, तसंच ठरलंय. एके काळी सहा होते, सहावा शेपटीतल्या तोफेचा गनर, तोफा १९९१ मध्ये काढल्या आणि गनरही गेले. आता पाच आहेत, वर दोन पायलट, त्यांच्या मागे पाठमोरा बसलेला इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर ऑफिसर, आणि खालच्या मजल्यावर खिडकी नसलेल्या जागेत दोन नेव्हिगेटर, ज्यांच्या सीट आणीबाणीत खालच्या दिशेने बाहेर फेकल्या जातात. नवं रडार आणि नवे मोठे टच स्क्रीन आले की पाचव्याचं काम बाकीच्यांत वाटून द्यायचं. मला यात थोडी धाकधूक वाटते. सलग ३० तासांच्या उड्डाणात एक जास्तीचा माणूस म्हणजे एक जास्तीचा जागा डोळा असतो.

कॉकपिटचा फोटो बघा कधी, मधल्या पॅनलवर गोल गोल घड्याळांच्या रांगा, प्रत्येक मापाला आठ. पायलटची नजर आठही काट्यांवरून फिरते आणि एक काटा वाकडा असला तर लगेच कळतं. ते जाऊन स्क्रीन येणार. काम सोपं होईल, पण त्या स्क्रीनवर आठ आकडे कसे मांडतात ते मला बघायचंय, आठ रांगेतले काटे एका नजरेत दिसायचे तसे ते दिसले पाहिजेत.

पहिली दोन विमानं सॅन अँटोनिओला बोइंगच्या कारखान्यात उघडणार, तिथून मग चाचण्यांना कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर. मी त्या दोन विमानांची वाट बघतोय. पायलॉन उतरवून पंखाच्या पुढच्या कडेच्या आतला भाग पहिल्यांदा उघडतील आणि दोन्हींमध्ये वायरी, नळ्या, ब्रॅकेट एकाच जागी सापडले तर उरलेल्या ७४ चं काम वेळापत्रकाने जाईल. पहिल्यात एक आणि दुसऱ्यात दुसरंच निघालं, तर सरळरेघ म्हणतात तेच खरं, मग प्रत्येक विमानाला वेगळं ड्रॉइंग लागेल. आभाळवेडा, तुम्ही परत एखाद्या एअर शोला गेलात तर पायलॉन पंखाला मिळतो त्या सांध्याचा फोटो काढून इथे टाका, शक्य तितका जवळून, आणि विमानाचा शेपटीवरचा नंबर पण.

आभाळवेडा

नक्की काका. मागच्या वेळचे फोटो आहेत पण ते सगळे नाकाचे आणि त्या घड्यांचे, तिकडे लक्षच गेलं नव्हतं. एका फोटोत डावीकडच्या आतल्या पॉडचा वरचा भाग अर्धवट आलाय, तो मोठा करून रात्री टाकतो.